परतीचं आधी

तिकीट हवंय म्हणून कुणी आप्पा पगारेंच्या दारात उभं राहिलं, की कुठे जायचंय आणि कधी जायचंय हे विचारायच्या आधी आप्पा विचारायचे, "पोचल्यावर न्यायला कोण येणारे?"

हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या वाट्याला आला तेव्हा मला राग आला होता. मी महापालिकेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं पोरं वळवलेली बाई. मला न्यायला कशाला कोण यायला हवं? पण आप्पा पेन्सिल कानावर अडकवून शांत बसून राहिले, आणि उत्तर मिळेपर्यंत ते तसेच बसणार हे माझ्या लक्षात आलं. शेवटी मी सांगितलं, की इंदूरला बहीण आहे, तिचा मुलगा येईल, पण सकाळी सातनंतर. त्याआधी त्याला उठवणं अजून कुणाला जमलेलं नाही.

"मग सातनंतर पोचणारी गाडी बघू," आप्पा म्हणाले. मी मोबाईलवर मोठ्या हौसेने शोधून ठेवलेलं सगळ्यात स्वस्त बसचं तिकीट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं. "बाई, ही गाडी तुम्हाला पहाटे साडेतीनला बायपासवर उतरवणार. तिथून रिक्षावाला मागेल ते तुम्ही द्याल, आणि वर घाबराल ते वेगळं. हे स्वस्त नाही. याचा नुसता आकडा कमी आहे."

मी मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत, चार नंबरच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर आप्पा एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन भोपाळला गेलेली. आप्पांनी उभी नोकरी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात केली, स्टोअरकीपर म्हणून. रोज सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, डावीकडची खिडकी. विमानाच्या कारखान्यात जन्म गेला आणि विमानात कधी बसले नाहीत, असं कुणी चिडवलं की म्हणायचे, "स्क्रू बसलेत ना माझे. तेवढं पुरे."

स्टोअरमध्ये ते फार कडक होते म्हणतात. एक रिव्हेट हवा असला तरी आधी चिठ्ठी भरायची, आणि चिठ्ठीतला एक रकाना जरी कोरा असला तरी ती परत. मोठमोठे साहेब या माणसावर वैतागायचे. आप्पांना त्याचं काही नसे. "कोरा रकाना म्हणजे कुणीतरी विचार करायचा राहिलाय," हे त्यांचं वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. त्या वाक्याने पुढे त्यांचीच कशी परीक्षा घेतली ते सांगायचंच आहे, पण थोड्या वेळाने.

तिकिटांचा नाद त्यांना दसऱ्यामुळे लागला. कॉलनीतली बौद्ध कुटुंबं दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. तीस-चाळीस माणसांचं आरक्षण आप्पांकडे असायचं. त्या दिवसांत नागपूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तरी आप्पांची म्हातारी माणसं खालच्या बर्थवर झोपून जायची. हे कसं जमतं, असं एकाने विचारलं, मग दुसऱ्याने विचारलं, आणि निवृत्त झाल्यावर तर आप्पांकडे सकाळी नऊपासून माणसं यायला लागली. पैसे ते घेत नसत. मोबाईलही ज्याचा त्यानेच चालवायचा, पासवर्ड त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणायचा नाही. ते नुसते बाजूला बसायचे आणि पेन्सिलीने स्क्रीनकडे बोट दाखवायचे. बदल्यात त्यांना एकच गोष्ट हवी असायची. परत आल्यावर येऊन सांगायचं. गाडी किती वाजता पोचली, संडासात पाणी होतं का, शेजारी कोण होतं, चहा कसा होता. लासलगावचे आमचे एक शेजारी या बदल्यात कांद्याची पिशवी ठेवून सटकायला बघत होते. आप्पांनी कांदे परत दिले आणि त्यांना पाऊण तास प्रवासवर्णन करायला लावलं.

त्यांच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर लाल पेन्सिलीने गोल केलेले असायचे, पण ते कुणाच्या प्रवासाच्या तारखेला नाही, तर त्या तारखेचं आरक्षण ज्या दिवशी उघडतं त्या दिवशी. आधी चार महिने अगोदर उघडायचं, हल्ली साठ दिवस. त्यामुळे आप्पांचं वर्ष आमच्यापुढे पळत असायचं. स्वतः ते दिवाळी करत नसत, पण साऱ्या कॉलनीची दिवाळी गणपतीच्या आधी त्यांच्याकडे येऊन जायची. आम्ही मोदकांचं बघत असताना हे विचारायचे, "भाऊबीजेचं काय ठरलं?"

आणि मुख्य म्हणजे, परतीचं तिकीट आधी. हा त्यांचा नियम कुणासाठीही मोडत नसे. परतीचं आरक्षण हातात आल्याशिवाय जायचं काढायचं नाही. जायच्या तारखेला परतीचं उघडलेलंच नसेल, तर प्रवास दोन दिवस मागेपुढे करा, पण दोन्ही एकदम. लोक हसायचे. मीही हसले आहे. जायचंच मिळालं नाही तर परतीचं घेऊन काय करायचं, लोणचं घालायचं का, असं मी विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "जायला काय, माणूस कसाही जातो. यायला जमलं पाहिजे."

त्यांच्याबरोबर एकदा नाशिकच्या द्वारका चौकात गेले होते, खासगी बसगाड्या सुटतात तिथे. कॉलनीतल्या एका नव्या लग्नाच्या जोडप्याला सुरतेला जायचं होतं आणि मला तिकडेच बँकेत काम होतं. आप्पा आधी कुठल्याही ऑफिसात शिरले नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी सुटायच्या बेतात असलेल्या दोन गाड्यांच्या काचांमधून रिकाम्या सीटा मोजल्या. मग आत गेले आणि सांगितलं, "दोन द्या. मागच्या चाकावरच्या नकोत." भाव निम्म्याजवळ उतरला. काउंटरवरचा माणूस त्यांना ओळखून होता. तो मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही रोज चार पॅसेंजर पाठवा ना. सीटमागे तुमचं काढून ठेवतो."

"माझं नको," आप्पा म्हणाले. "तुमची गाडी जेवायला थांबते ना, तिथे बायकांना जायला नीट जागा नाही. पुढच्या धाब्यावर थांबवा. मग चार पाठवतो."

तो माणूस हसला. पण पुढच्या महिन्यात ती गाडी पुढच्या धाब्यावर थांबायला लागली. हे मला आप्पांनी सांगितलं नाही, सुरतेहून आलेल्या त्या मुलीने सांगितलं.

आता कोमलकडे यायला हवं.

कोमल आहिरे माझ्या शाळेतली. तिचे वडील संतोष शाळेची व्हॅन चालवतात. माणूस कष्टाळू, पण तोंडाने फटकळ. मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे बोलताना मधूनच 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. बारावीनंतर कोमलला नागपूरला मत्स्यविज्ञानाला प्रवेश मिळाला. सरकारी कॉलेज, चार वर्षांचा अभ्यासक्रम, फी झेपेल अशी. पोरगी आनंदाने रडली, आणि संतोषने घरात जाहीर केलं की जायचं नाही.

मी समजवायला गेले तेव्हा आप्पा तिथे आधीच बसले होते.

"बाई, मासे शिकायला नागपूर?" संतोष मला म्हणाला. "तिथं समुद्र तरी शे का?"

"गोड्या पाण्यातले मासे, पप्पा," कोमल दारामागून म्हणाली.

"तू गप बस." शेवटी खरं ते बोलला. "मासे राहू द्या. पोरगी एकदा एवढी लांब गेली की गेली. पैसे नाय म्हणून दिवाळीला येणार नाय, मग मे महिन्यात येणार नाय. माझी व्हॅन वर्षातून दहाच महिने चालती. तिची आई इकडं झुरून मरंल."

आप्पांनी कानावरची पेन्सिल काढली. "महिन्यातून एकदा आली तर?"

"महिन्याला? नागपूरहून?"

"महिन्याला. आणि तुला झेपेल अशा तिकिटात."

संतोषने त्यांच्याकडे नीट बघितलं. "आप्पा, तुमच्या शब्दावर पाठवतो. पण महिन्यातून एकदा घरी आलं पाहिजे. एक महिना चुकला, की मी तिचं नाव काढून आणेल. मंग मला कोणी काही बोलायचं नाय."

"मी बघतो," आप्पा म्हणाले.

एवढ्या दोन शब्दांवर ती मुलगी नागपूरला गेली. चार वर्षं, महिन्याला एक फेरी. एक चुकली की सगळं संपलं, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, आणि कोमलला सगळ्यात जास्त.

आप्पांनी मग जे काही केलं ते बघण्यासारखं होतं. कॅलेंडरवर कोमलसाठी निळी पेन्सिल आली. सुट्टीत घरी येताना विद्यार्थ्यांना सवलत मिळते, तिचा फॉर्म कॉलेजातून कसा घ्यायचा, त्यावर कुणाची सही लागते, हे त्यांनी तिला फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी शेजारी होते. एकट्या बायकांसाठी गाडीत थोडे बर्थ राखून ठेवलेले असतात, ते कधी संपतात हे त्यांना पाठ होतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा संतोष म्हणाला, आता एसटीनेच येऊ द्या. आप्पांनी नाही म्हटलं. "रात्रभर बसून आली तर दोन दिवस घरी झोपूनच काढेल. तुला पोरगी बघायची आहे की झोपलेली पोरगी?"

नाशिक रोडहून नागपूरसाठी जागा मिळाली नाही, की ते मुंबईपासूनचं तिकीट काढायचे. गाडी मुंबईहून निघते, तिथून जागा जास्त असतात. थोडे पैसे जादा जातात, पण झोपायला मिळतं. मात्र खिडकीवर तिकीट काढताना भरायच्या चिठ्ठीवर बोर्डिंगच्या रकान्यात नाशिक रोड लिहावं लागतं. म्हणजे तिकीट मुंबईचं असलं तरी माणूस इथून चढणार, हे तिकीट तपासनिसाला कळतं. ते लिहिलं नाही, तर तो मुंबईला तुमची वाट बघतो, तुम्ही आला नाहीत असं धरतो आणि जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. हा रकाना आप्पा सगळ्यांकडून घोटून घ्यायचे. "बोर्डिंग?" ते विचारायचे, आणि समोरच्याने "नाशिक रोड" म्हणायचं. आम्ही त्यांची टिंगल करायचो.

दुसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून कोमल परत जायला निघाली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिचा परीक्षेचा पहिला पेपर होता. मी डब्यात चिवडा घेऊन स्टेशनवर गेले होते. आप्पा असणारच होते. संतोषची व्हॅन गॅरेजमध्ये होती म्हणून तो आला नव्हता. संध्याकाळची गाडी, दिवाळीनंतरची गर्दी. कोमल डब्यात चढली आणि आम्ही खिडकीशी जाऊन उभे राहिलो. तिच्या बर्थवर एक माणूस पाय पसरून बसलेला होता. बाजूला तिकीट तपासनीस हातातल्या यंत्रात बघत होता.

"मॅडम, तुम्ही मुंबईला चढल्याच नाही," तो म्हणत होता. "कल्याणपर्यंत वाट बघितली. मग ही सीट यांना दिली. नियमच आहे."

तिकिटाची एक झेरॉक्स आप्पांनी माझ्याकडे धरायला दिली होती, ती त्यांनी ओढून घेतली. डोळ्यांजवळ नेऊन वाचली. बोर्डिंगपुढे मुंबई लिहिलेलं होतं. चिठ्ठी भरताना त्यांनी तो रकाना कोरा ठेवला होता, म्हणून तिकिटावर आपोआप मुंबई आलं होतं.

कसा, ते नंतर कळलं. त्या दिवशी आरक्षणाच्या रांगेत त्यांच्यामागे घोटीची एक म्हातारी होती. तिला लिहिता येत नव्हतं. एक ओळ कोमलच्या चिठ्ठीवर आणि एक ओळ त्या म्हातारीच्या, अशा दोन चिठ्ठ्या आप्पा एकदम भरत होते. म्हातारीचा एकही रकाना कोरा राहिला नाही.

प्लॅटफॉर्मवर मात्र मला फक्त त्यांचा चेहरा दिसला. इतक्या वर्षांत मी तो चेहरा तसा पाहिला नव्हता. मी त्यांच्याशी काही बोलणार, एवढ्यात गाडीने धक्का घेतला. आप्पांनी आपली कापडी पिशवी माझ्या हातात कोंबली आणि दाराचा दांडा धरून आत चढले. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखणारा, हातात प्लॅटफॉर्म तिकीट. गाडी गेली. मी चिवड्याचा डबाही द्यायची विसरले होते.

पुढचं कोमलने सांगितलेलं. आप्पा गर्दीतून वाट काढत तपासनिसाजवळ गेले. भांडले नाहीत.

"तुम्ही बरोबर केलंत," ते म्हणाले. "चूक माझी आहे. चिठ्ठी मी भरली होती. पोरीचा उद्या पेपर आहे, तिला कुठेतरी पाठ टेकायला द्या. आणि आधी माझा दंड घ्या."

"तुमचा कसला दंड, काका?"

"माझ्याकडे प्लॅटफॉर्म तिकीट आहे. मी विनातिकीट आहे."

तपासनिसाने म्हणे पावतीपुस्तक काढलं. मग म्हणाला, "मेरी इतनी सर्विस हो गई, काका, कोई खुद माँगने नहीं आया." त्याने पावती फाडली. आप्पांनी ती वाचली, तीनदा. मग मनमाडपर्यंत ते दारापाशी उभे होते, आणि कोमल त्यांच्या शेजारी आपल्या बॅगेवर बसून होती. ती रडायला लागली तर ते म्हणाले, "आता रडू नकोस. वही काढ. पेपर पाण्यावर आहे ना? मला सांग, पाण्यात ऑक्सिजन कशाने कमी होतो?" नाशिक रोडहून चढायची एक बाई आलीच नव्हती. मनमाडच्या आधी तपासनिसाने तो बर्थ कोमलला दिला. आप्पा मनमाडला उतरले आणि एसटीने, ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटात, घरी परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पिशवी न्यायला माझ्याकडे आले. चहा घेतला नाही. कोमलचा पेपर नीट झाल्याचा मेसेज आला होता, आणि तिने घरी यातलं काही सांगितलेलं नव्हतं. मलाही तिने सांगू नका म्हणून विनवलं होतं.

"संतोषला सांगायचंय," आप्पा म्हणाले. "तुम्ही बरोबर चला."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की काही गरज नाही. पोरगी पोचली, पेपरला बसली. संतोषला कळलं तर तो तिला घेऊन येईल, आणि तुमच्या खरेपणापायी तिचं शिक्षण जाईल. मी आवाज चढवला असेन. अजूनही वाटतं, माझं अगदीच चूक नव्हतं.

आप्पा माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, त्याने पोरगी माझ्या शब्दावर पाठवलीय. शब्दात एक रकाना कोरा राहिलाय. तो मला भरला पाहिजे."

संतोष गॅरेजमधून आणलेली व्हॅन धूत होता. आप्पांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, स्वतःची चूक पहिल्या वाक्यात. संतोषच्या हातातल्या पाइपातून पाणी वाहत राहिलं. मला वाटलं, आता हा म्हणणार, झालं, संपलं.

"तुम्ही चढले गाडीत?" त्याने विचारलं.

"चढलो."

"तिकीट नसताना?"

"दंड भरला."

"तुम्ही दंड भरला?" संतोषने पाइप खाली टाकला. आप्पा स्वतःसाठी रिक्षा करायलाही मागेपुढे बघतात, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "मी असतो ना, आप्पा, तर खाली उभं राहून त्या माणसाला शिव्या दिल्या असत्या. आणि गाडी निघून गेली असती." मग त्याने नळ बंद केला. "पुढच्या महिन्याचं कधी उघडतं?"

आप्पांनी तारीख सांगितली. मला माझे डोळे पुसावे लागले. मी पुसले.

परत येताना मी त्यांना विचारलं, की एवढं का. दुसऱ्याच्या पोरीसाठी माणूस एवढं का करतो. ते बिल्डिंगच्या पायरीवर बसले. त्यांची धाकटी बहीण, सुशीला. तिला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली होती. वडिलांनी जायच्या तिकिटाची तजवीज केली. सगळं ठरलं होतं. मग आईने विचारलं, आणि परत यायचं? त्याची तजवीज नव्हती, कधी होईल तेही माहीत नव्हतं. आईने तिला पाठवलं नाही. सुशीलाबाई घोटीला भाताच्या गिरणीत कामाला लागल्या, तिथेच संसार केला. "वाईट नाही जगली," आप्पा म्हणाले. "पण नर्स झाली नाही." एवढं बोलून ते उठले आणि घरात गेले. परतीचं आधी का, हे मी त्यांना त्यानंतर कधी विचारलं नाही. लोणच्याची थट्टा आठवून मला स्वतःची लाज वाटली.

ती दंडाची पावती त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवली. येणाऱ्याला दाखवायचे. "माझं सगळ्यात महाग तिकीट. बोर्डिंग भरा."

एकही महिना चुकला नाही. परीक्षा असली की कोमल एका दिवसासाठी यायची, सकाळी यायची आणि संध्याकाळी जायची, पण यायची. चौथ्या वर्षी संतोष स्वतःच म्हणाला, की दोन महिन्यांनी आली तरी चालेल, आता आमचा जीव बसलाय. आप्पांनी ऐकलं नाही. ठरलं ते ठरलं. निळ्या पेन्सिलीचा शेवटचा गोल कॅलेंडरवर आला तेव्हा पेन्सिल बोटभर उरली होती. कोमल पास झाली. आता इगतपुरीकडे एका धरणावर माशांचं बीज तयार करतात तिथे नोकरीला आहे. रोज सकाळी जाते, संध्याकाळी येते. संतोष व्हॅनमधल्या पोरांना सांगतो, आमची पोरगी माशांची डॉक्टर शे. ती डॉक्टर नाही, पण त्याची चूक कुणी सुधारत नाही.

त्याच वर्षी आप्पांची नजर कमी झाली. चिठ्ठीवरचे रकाने दिसेनासे झाले. मुलगी भोपाळहून दोनदा येऊन गेली, आणि तिसऱ्यांदा त्यांनी हो म्हटलं. तिकडे नात आहे, शाळेतून आली की घरी कुणी नसतं, असं ते आम्हाला सांगायचे. आम्ही मान डोलवायचो.

त्यांचं तिकीट कोमलने काढलं. आम्ही तिघं त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो. सामान फारसं नव्हतं. एक बॅग आणि ती कापडी पिशवी. कॅलेंडर त्यांनी कोमलला दिलं होतं, पावतीसकट.

"बोर्डिंग?" आप्पांनी विचारलं.

"नाशिक रोड," कोमल म्हणाली आणि मोबाईल त्यांच्या डोळ्यांजवळ धरला.

दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं. गाडी दिसायला लागली तेव्हा तिसऱ्यांदा. तिने तिन्ही वेळा दाखवलं.

"आप्पा," मी म्हटलं, "पोचल्यावर न्यायला कोण येणारे?"

ते हसले. "मुलगी येईल. आणि नात माझ्या नावाची पाटी घेऊन उभी राहणार आहे म्हणते. मी हरवेन अशी भीती वाटते तिला."

संतोषने बॅग आत ठेवली, खालच्या बर्थखाली साखळीने बांधली, आणि खिडकीशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आप्पा, परतीचं दाखवा."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "ते अजून उघडलं नाही रे."

आम्हाला सगळ्यांना कळलं. परतीच्याशिवाय कुणालाही हलू न देणारा माणूस परतीच्याशिवाय निघाला होता. मी दुसरीकडे बघितलं.

"ते मला माहीत नाय," संतोष म्हणाला. "महिन्यातून एकदा घरी आलं पाहिजे."

"संतोष, महिन्याला आता नाही झेपणार मला."

"मंग दिवाळीला."

"मी कुठे दिवाळी करतो?"

"आम्ही करतो ना. फराळाला या."

खिडकीच्या गजावर आप्पांचा हात होता, त्यावर कोमलने आपला हात ठेवला.

"मी बघते," ती म्हणाली.

गाडी हलली. पुढे सरकत जाताना मला ते शेवटचे दिसले. चष्मा कपाळावर चढवलेला, आणि तिकिटाचा कागद नाकाजवळ धरून ते तो पुन्हा वाचत होते, पहिल्या रकान्यापासून. वर बघून हात हलवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

आम्ही परत निघालो. संतोष भराभर पुढे गेला, त्याला कुणी तोंड बघायला नको होतं. कोमल जिन्याशी थांबली. मोबाईलमध्ये दिवाळीची तारीख काढून तिने तिथून मागे दिवस मोजले, बोटांवर पुन्हा मोजले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, गणपतीच्या आधी उघडतंय. आप्पांचं परतीचं आधी काढते."